साम्यावरून

ऑफिसात सगळे तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे 'कोण म्हणतं'. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता, कारण ते तिने कमावलेलं होतं. कोणी काहीही सांगत आलं की तिच्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघे, हनुवटी जरा वर करून आणि 'कोण'वर जोर देऊन. अमकं प्रथिन पेशीला विभागायला लावतं. कोण म्हणतं? उद्या दुपारी लिफ्ट बंद आहे. कोण म्हणतं? कँटीनवाल्याने चहात पाणी वाढवलंय. कोण म्हणतं? या शेवटच्या प्रश्नाचा पुरावा समोरच्या कपातच असायचा, पण सवय ती सवय. पोरं तिची नक्कल करत आणि बऱ्यापैकी करत.

तिचं कामच तसं होतं. जगभरातल्या प्रयोगशाळा माणसापासून बुरशीपर्यंत दिसेल त्या जीवाची जनुकं वाचून काढतात. जनुकांवरून प्रथिनांची अक्षरं कळतात, आणि अशा प्रत्येक प्रथिनाचं एक पान ताईच्या ऑफिसातल्या नोंदवहीत उघडतं. नोंदवही म्हणायची आपली, होती ती संगणकातच. पानावर तीन गोष्टी लागतात. नाव, काम, आणि ते काम कशावरून ठरवलं त्याचा आधार. एकतीस वर्षं ताई ही पानं भरत आली होती. निवृत्तीला चार महिने उरले होते. गुडघे आधीच निवृत्त झाले होते आणि डोळ्यांचा भरवसा नव्हता.

आता गंमत अशी, की प्रयोग करून ज्याचं काम ठरवलंय असं प्रथिन शंभरात एखादंच. इतकी प्रथिनं तपासायला सवड कोणाला आहे? मग उरलेल्यांचं काम त्यांच्या नातेवाइकांवरून ठरवतात. नव्या प्रथिनाची अक्षरं माहितीतल्या जुन्या प्रथिनाच्या अक्षरांखाली मांडायची. ओळीच्या ओळी जुळल्या तर समजायचं, की दोघं एकाच पूर्वजाची लेकरं आहेत, काळाच्या ओघात थोडीथोडी बदललेली. याला म्हणायचं समजात. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर बाहेरून एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत, पण आत हाडं तीच आणि त्याच क्रमाने, कारण तिघांचा खापरपणजोबा एक. प्रथिनांचंही तसंच. मग जुन्याचं जे काम तेच नव्याच्या पानावर लिहायचं आणि आधाराच्या रकान्यात एक शब्द टाकायचा, 'साम्यावरून'.

नवीन लागलेली पोरं हमखास एक चूक करत. "ताई, हे त्याच्याशी सत्तर टक्के समजात आहे," असं कोणीतरी म्हणे, आणि ताई चष्मा काढून टेबलावर ठेवी.

"सत्तर टक्के सख्खा भाऊ बघितलायस कधी?"

"नाही."

"मग? टक्के असतात साम्याला. नाक सत्तर टक्के सारखं असेल, चाल नव्वद टक्के असेल. भाऊ एकतर असतो, नाहीतर नसतो. त्यात टक्के नाहीत."

हे तिने आजवर किती जणांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही. पूर्वी ऐकवताना मजा यायची. हल्ली तोंड आपोआप चालायचं आणि डोक्यात, घरी जाताना आईची औषधं घ्यायची आहेत, एवढंच घोळत असायचं.

एका मंगळवारी सकाळी विभागप्रमुखाने एक पत्र तिच्याकडे पाठवलं. हा विभागप्रमुख तिच्याच हाताखाली शिकलेला. पत्रावर त्याने नुसतं लिहिलं होतं, 'ताई, जुनी नोंद दिसते, तुम्हीच बघा.' पत्र एका डॉक्टरीणबाईंचं होतं. त्यांच्याकडे एक पेशंट नव्याने आली होती, वय एकोणचाळीस, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करणारी. सहा वर्षांपूर्वी तिच्या यकृताच्या तपासण्या थोड्या बिघडल्या, म्हणून आधीच्या डॉक्टरांनी जनुकं तपासली. एका जनुकात एक अक्षर बदललेलं निघालं. तुमच्या नोंदवहीत त्या जनुकाच्या प्रथिनाचं काम 'शरीरात तांबं वाहून नेणं' असं आहे. तेव्हा तांबं साठत असणार असं धरून तिला तांबं बाहेर काढणारं औषध सुरू केलं, कडक पथ्य घातलं, आणि आजार रक्तातून पुढे उतरेल म्हणून मूल होऊ देऊ नका असं सांगितलं. पत्राचा शेवट असा होता: 'मला तिच्या अंगात तांबं साठल्याचं कुठेही दिसत नाही. मुलाचा विचार करायचा तर तिच्या हाताशी आता फार वेळ नाही. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत पाठवते. हे कोण म्हणतं?'

ताईने ती ओळ दोनदा वाचली. दुसऱ्याच्या तोंडून आपला प्रश्न ऐकायला तिला बरं नाही वाटलं.

तिने पान उघडलं. माणसाचं प्रथिन, काम तांबं वाहून नेणं, आधार: साम्यावरून, पाहा उंदीर. ठीक आहे. उंदरात कोणीतरी प्रयोग केला असेल. उंदराचं पान उघडलं. साम्यावरून, पाहा बेडूक. बेडकावरून? ताईने खुर्ची पुढे ओढली. बेडकाच्या पानावर होतं साम्यावरून, पाहा मासा. आणि माशाच्या पानावर होतं साम्यावरून, पाहा माणूस.

चार जण गोल करून उभे होते आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवत होता.

असं होऊ शकतं हे तिला ठाऊक होतं. दर शनिवारी एक प्रोग्रॅम सगळ्या नोंदवहीवरून फिरतो आणि ज्याचा नवा नातेवाईक सापडेल त्याचा आधार ताजा करून ठेवतो. जुना आधार पुसला जातो, नवा चिकटतो. पण गोल झाला म्हणजे कधीतरी, कोणीतरी, पहिल्यांदा काहीतरी लिहिलं असणार. तिने माणसाच्या पानाचा इतिहास उघडला. चाळीसेक ओळी प्रोग्रॅमच्या होत्या. सगळ्यात तळाशी एकच ओळ माणसाने लिहिलेली होती, अठरा वर्षांपूर्वीची. तांबं वाहून नेणं, साम्यावरून, पाहा यीस्ट, साम्य अडतीस टक्के. पुढे नोंद करणाऱ्याच्या नावाची दोन आद्याक्षरं.

अक्षरं तिचीच होती.

खाली शेऱ्याच्या चौकटीत तिने तेव्हा लिहून ठेवलेलं वाक्यही होतं. 'दुसरा सी दिसत नाही? नंतर बघू.'

आता हा 'सी' काय ते सांगायला हवं. तांबं धरून ठेवायला प्रथिनाला एक चिमटा लागतो. तो 'सी' या अक्षराच्या दोन जागांनी बनतो, मध्ये दोन अक्षरं सोडून. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या प्रथिनात असे दोन्ही सी आहेत, आणि ते तांबं वाहतं हे प्रयोगाने सिद्ध झालेलं आहे. ताईने दोन्ही ओळी पुन्हा एकाखाली एक मांडल्या. माणसाच्या ओळीत पहिला सी होता. दुसऱ्याच्या जागी एस होता. एका पायाचा चिमटा. त्याने कोणी काय धरणार?

म्हणजे नातं खरं होतं. यीस्टचं ते आणि माणसाचं हे, दोघं एकाच पूर्वजाची होती यात शंका नव्हती, तिथे तिची चूक झाली नव्हती. चूक पुढची होती. एक भाऊ शिंपी निघाला म्हणून तिने दुसऱ्याच्याही दारावर शिंप्याची पाटी ठोकली होती, आणि त्याच्या घरात सुई नाही हे दिसत असताना ठोकली होती.

तो दिवस आठवायचा तिने प्रयत्न केला. मागे उभं राहून कोणी घाई केली होती का? शुक्रवार होता का, साहेब ओरडत होते का? काहीच आठवेना. कोणावर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं. बहुतेक तिला घरी जायचं असेल. ती तेव्हाही दमलेलीच असे.

दुपारी ती विभागप्रमुखाच्या खोलीत गेली. त्याने खुर्ची दिली, तिने गुडघ्यावर हात ठेवून बसून घेतलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं.

"अरे बापरे," तो म्हणाला. "ताई, या एका पानावरून किती पानं भरली गेलीत बघितलंत?"

"चार हजार एकशे बारा."

"सगळ्यांचा कामाचा रकाना कोरा होणार. आणि महिनाअखेरीला नवी आवृत्ती. किती टक्के पानांवर काम लिहिलंय हा आकडा पहिल्यांदाच खाली येईल. वरचे लोक दुसरं काही बघत नाहीत, तोच आकडा बघतात."

"येऊ दे खाली."

"तसं नाही म्हणत मी. आपण 'बहुधा' घालू या ना. 'बहुधा तांबं वाहून नेतं.' खोटंही नाही आणि कोणाला त्रासही नाही."

ताईला या 'बहुधा'चा इतिहास चांगला माहीत होता. तिने एकतीस वर्षांत शेकडो 'बहुधा' लिहिले होते. पानावरून तो दुसऱ्याच्या यादीत जाताना निम्म्या वेळा गळतो, यादीतून तपासणीच्या कागदावर जाताना उरलेल्यातल्या निम्म्या वेळा, आणि डॉक्टर पेशंटशी बोलतो तेव्हा त्याचा मागमूस उरत नाही. चष्म्याच्या दुकानातल्या बाईला 'बहुधा मूल होऊ देऊ नका' असं कोणी म्हणालं नव्हतं.

"तुला मीच शिकवलं ना रे बहुधा लिहायला?" तिने विचारलं.

"तुम्हीच."

"चुकलं माझं."

तो हसला, मग गंभीर झाला. "चार महिने राहिलेत तुमचे. कशाला अंगावर घेताय? मी पुढच्या वर्षी कोणाला तरी बसवून सावकाश दुरुस्त करून घेतो. तुमचं नावही कुठे येणार नाही. उद्या सांगा, घाई नाही."

खरं सांगायचं तर तिला ते पटलं. पाठ दुखत होती, तो प्रेमाने बोलत होता, आणि 'पुढच्या वर्षी' हे शब्द ऊनऊन पाण्यासारखे वाटले. उद्या सांगते, असं म्हणून ती उठली.

घरी आई होती. आईच्या सोबतीला दिवसभर एक बाई असे आणि ताई आली की ती जाई. दोन वर्षांपूर्वी आईच्या आठवणींची पानं पुढूनमागून गळायला लागली होती. त्यातच एका संध्याकाळी तिने दारातून आत येणाऱ्या ताईकडे बघून म्हटलं होतं, "आलीस अक्का?" अक्का म्हणजे आईची थोरली बहीण, ताईची मावशी, वारली त्याला वीस वर्षं झाली. ताई हुबेहूब मावशीवर गेली होती. तेच पुढे आलेलं कपाळ, तोच फेंगडा चालणारा डावा पाय. पहिले काही दिवस ताईने समजावलं, मी अक्का नाही, मी तुझी मुलगी. त्यावर आई इतकी घाबरी व्हायची, की मग अक्का कुठे गेली म्हणून घरभर शोधायची. शेवटी ताईने समजावणं सोडून दिलं. अक्का तर अक्का. हाकेला ओ दिली की घर शांत राहतं.

फक्त एक अडचण होती. अक्काला मधुमेह होता.

"अगं अगं, काय करतेयस!" आईने त्या संध्याकाळीही साखरेचं भांडं ताईच्या हाताखालून ओढलं. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? एक कणसुद्धा नाही."

"बरं."

"बिस्कीटही नाही."

"बरं बाई."

ताईच्या रक्तात साखरेचा त्रास औषधालाही नव्हता, दरवर्षीची तपासणी स्वच्छ होती. तरी दोन वर्षं ती घरात बिनसाखरेचा चहा पीत होती, मावशीच्या कपाळापायी आणि मावशीच्या पायापायी. बाहेर प्यायची साखर घालून, चोरून प्यायल्यासारखी. रोजची गोष्ट होती, तिला त्यात काही विशेष वाटेनासं झालं होतं. पण आज कडू घोट तोंडात घेतला आणि ती तशीच थांबली. चष्म्याच्या काचा घासणारी कोणीतरी बाई कुठेतरी अशीच संध्याकाळी घरी आली असेल. चॉकलेट नको, अळंबी नको, बदाम-काजू नको, सगळं कडक. आणि तिला पथ्य घालणारी तिच्यावर जीव टाकणारी आईही नव्हती. एका दमलेल्या बाईने घरी जायच्या घाईत 'नंतर बघू' लिहिलं होतं, एवढंच.

"कडू लागतंय?" आईने मायेने विचारलं.

"हो," ताई म्हणाली. चेहरा आईला दिसू नये म्हणून तिने कप तोंडापाशी धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागप्रमुख यायच्या आधीच तिने त्याच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. 'काढतेय. या आवृत्तीतच. नाव माझंच राहू दे.'

म्हणायला सोपं होतं. माणसाच्या पानावरचं काम पुसलं, तर शनिवारी प्रोग्रॅम उंदराकडे बघून ते पुन्हा लिहिणार. उंदराचं पुसलं तर बेडकाकडे बघून. चौघांचं एकदम पुसायचं आणि वर त्यांच्याकडे बघून भरलेल्या चार हजारांचंही. त्यातही प्रत्येक ठिकाणी डोळ्याने बघायचं, कारण ज्यांच्याकडे खरोखर दोन्ही सी होते अशीही काही पानं मधूनमधून होती, त्यांची पाटी काढून चालणार नव्हती. पाटी लावायला तिला अठरा वर्षांपूर्वी दहा मिनिटं लागली असतील. काढायला नऊ दिवस लागले. प्रोग्रॅम सांभाळणारा इंजिनिअर पहिल्या दिवशी कुरकुरला, तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला. "तुम्ही सी बघा, मी पानाला कुलूप लावत जातो, म्हणजे प्रोग्रॅम पुन्हा लिहिणार नाही," म्हणाला.

बदल नोंदवताना कारण द्यावं लागतं. पडद्यावर यादी येते, त्यातून निवडायचं. 'नवा पुरावा मिळाला'. 'लेखनदोष'. 'दोन नोंदी एकत्र केल्या'. ताईने यादी वरखाली केली. तिला हवं ते कारण कोणाला सुचलंच नव्हतं. मग तिने 'इतर' निवडलं आणि टाइप केलं, 'पुरावा नव्हताच.' कामाच्या रकान्यात लिहिलं, 'अज्ञात.'

डॉक्टरीणबाईंना तिने पत्र पाठवलं. नोंद करताना चिमट्याची जागा नीट तपासली नव्हती, ही नोंद करणाऱ्याची चूक होती, त्याबद्दल क्षमा मागते. प्रथिनाचं खरं काम आज कोणालाच माहीत नाही. बदललेलं अक्षर निरुपद्रवी आहे असाही याचा अर्थ नाही. शेवटचं वाक्य लिहिताना तिला स्वतःची लाज वाटली, पण ते खरं होतं आणि ते गाळणं म्हणजे पुन्हा 'नंतर बघू'.

महिनाअखेरीला आवृत्ती निघाली. आकडा खाली आला, वरच्यांनी विचारलं, विभागप्रमुखाने काय उत्तर दिलं ते त्याने ताईला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. कँटीनमध्ये दोघं एकत्र चहा प्यायले. त्याने तिच्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली.

त्यानंतर आठवड्याने तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"नोंदवहीवाल्या ताई तुम्हीच का?" बाईचा आवाज होता. मागे कसलंतरी चाक घरघरत होतं. "मी काचा घासते. माझ्या डॉक्टरांनी तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यात आहे की नोंद करणाऱ्याची चूक. म्हणजे कोणाची?"

"माझी."

घरघर थांबली. तिने चाक बंद केलं असावं.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मला कधी बघितलंय?"

"नाही."

"मग कशावरून लिहिलंत?"

"दुसऱ्या एका प्रथिनाशी जुळत होतं."

"कोणाच्या?"

ताईला हे सांगणं जड गेलं. "यीस्टच्या. पाव फुगवतात ना, त्या."

"पावाच्या," बाई म्हणाली. "नवऱ्याला सांगायला हवं. आम्ही पावाच्या पिठाला विचारून मूल होऊ दिलं नाही."

पलीकडे चाक एकदा घरघरलं आणि पुन्हा थांबलं.

"तुमच्या पत्रात क्षमा लिहिलीय. तोंडाने म्हणा."

"चुकलं माझं," ताई म्हणाली. "मला दिसलं होतं आणि मी बघितलं नाही. माफ करा मला."

"हं. आता काय करू? होऊ देऊ मूल?"

"मला माहीत नाही. तांब्याचं म्हणायला आधार नाही, एवढंच मला माहीत आहे. पुढचं कोणालाच ठाऊक नाही."

"म्हणजे आता कोणीच काही म्हणत नाही."

"नाही."

"सहा वर्षं सगळे म्हणत होते. डॉक्टर, सासू, शेजारी." ती हसली की काय ते ताईला कळलं नाही. "औषध बंद केलंय महिन्यापूर्वी. त्याने जिभेची चव गेली होती माझी. काल पाणी प्यायले तर पाण्याला चव लागली. पाण्याला चव असते हे विसरलेच होते मी. मूल नाही, पण पाणी तरी." आणि पुढे काही न बोलता तिने फोन ठेवला.

ताईने रिसीव्हर जागेवर ठेवला. समोर कुठल्यातरी शेवाळाचं पान उघडं होतं. साम्यावरून, साम्यावरून, साम्यावरून. तिने संगणक बंद केला. ऑफिस सुटायला तासभर होता, पण एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला न सांगता ती निघाली. माफी मागून हलकं वाटतं असं लोक म्हणतात. तिला नाही वाटलं. सहा वर्षं त्या बाईची गेली होती, ती कुठल्याच आवृत्तीत दुरुस्त होणार नव्हती.

घरी पोचली तर आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. सोबतीच्या बाईने चहा गाळून ठेवला आणि ती गेली. ताईने कप ओढला आणि साखरेच्या भांड्याकडे हात नेला.

"अक्का!" आईने झटकन भांडं उचलून मांडीवर घेतलं. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

एरवी ती 'बरं' म्हणाली असती. आज तिच्यात तेवढंही त्राण नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच ती खरं बोलली.

"आई, मी अक्का नाही. अक्का जाऊन वीस वर्षं झाली. मला मधुमेह नाही. मी तुझी मुलगी आहे."

आई घाबरेल, उठून घरभर शोधेल, या तयारीने तिने आईचा हात धरला. आई घाबरली नाही. ती ताईकडे निरखून बघत राहिली, कपाळ, नाक, चष्मा, पुन्हा कपाळ. मग तिने हनुवटी जरा वर केली, आणि 'कोण'वर नेमका तेवढाच जोर देत विचारलं,

"कोण म्हणतं?"

ताई बघतच राहिली. ऑफिसातली पोरं इतकी वर्षं जिची नक्कल करत होती ती ही. तीच हनुवटी, तोच आवाज. कपाळ मावशीचं आणि पाय मावशीचा, हे तर सगळ्या जगाने सांगितलं होतं. हा प्रश्न कोणाचा, हे मात्र तिला कोणी कधी विचारलं नव्हतं, आणि तिलाही ते कधी सुचलं नव्हतं. कपाटात जन्माचा दाखला होता, फोटो होते, पुरावा म्हणून मागाल ते होतं. तिला त्यातलं काही आणायला उठावंसं वाटलं नाही.

"मी म्हणते," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि तिने ते पुसलेही नाहीत.

आई विचारात पडली. बराच वेळ भांड्याच्या झाकणावर तिची बोटं फिरत होती. मग तिने झाकण काढलं, दाराकडे एक नजर टाकली आणि चमचाभर साखर ताईच्या कपात घालून स्वतःच ढवळली.

"पी पटकन," ती हळूच म्हणाली. "आणि अक्काला सांगू नकोस."